मांडी घालताना गुडघा आणि खुबा नेमके काय करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे असे शाळेत शिकवले जाते. दार जसे एकाच अक्षाभोवती उघडते आणि मिटते, तसा गुडघा सरळ होतो आणि वाकतो. असे असेल तर खुर्चीवर बसून पाऊल आत-बाहेर वळवताना गुडघ्याखालचा पाय फिरतो कसा? याच प्रश्नाला जोडून आपण आपल्या ५८ वर्षांच्या आईंबद्दल लिहिले आहे. दोन वर्षांपासून त्यांना जमिनीवर मांडी घालून बसणे अवघड झाले आहे, बसल्यावर उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला कळ येते, उठताना सांधा कटकट वाजतो, एक्स-रेमध्ये झीज किरकोळ दिसते, आणि घरचे सगळे मांडी कायमची बंद करा म्हणून सांगत आहेत.

फिजिओथेरपीच्या कामात मला २६ वर्षे झाली आणि हे दोन प्रश्न माझ्यासमोर बहुतेक वेळा असेच जोडीने येतात. माझे मत आधीच सांगतो. मांडी ही मुळात खुब्याची बैठक आहे. गुडघ्याचा त्यात वाटा आहे, पण जे वळण खुब्यातून यायला हवे ते तिथून आले नाही की गुडघ्याला ते आपल्या अंगावर घ्यावे लागते. आईंचा गुडघा तपासण्याआधी, किंवा निदान त्याच्याबरोबरीने, त्यांचा खुबा तपासला गेला पाहिजे. हे पटण्यासाठी मात्र गुडघ्याच्या रचनेत थोडे खोल जावे लागेल.

बिजागरीची कल्पना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, ती अपुरी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार आकारावरून सांगितले आहेत. त्यांत बोटे, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर हे कोर नावाच्या एका गटात आहेत, तर काख आणि जांघ येथील सांधे उलूखल, म्हणजे उखळ, या गटात आहेत. खुब्याला आपण आजही उखळीचा सांधा म्हणतो, ती प्रतिमा तीच. बाहेरून दिसणाऱ्या मुख्य हालचालीवरून पाहिले तर गुडघा कोपराच्या शेजारी बसवणे योग्यच आहे. फरक आत आहे. कोपरात एका हाडाची खाच दुसऱ्या हाडाच्या चक्रीवर घट्ट बसलेली असते, त्यामुळे ती खरोखरच बिजागरीसारखी चालते. गुडघ्यात अशी कोणतीही पकड नाही.

गुडघ्यात तीन हाडे एकत्र येतात: वरून मांडीचे हाड, खालून नडगीचे हाड आणि समोर वाटी. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड जवळ येते, पण या सांध्यात भाग घेत नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोलाकार उंचवट्यांचे असते आणि नडगीचे डोके जवळजवळ सपाट असते. गोल वस्तू सपाट फळीवर ठेवल्यासारखी ही मांडणी आहे. ती जागेवर टिकते ती हाडांच्या आकारामुळे नव्हे, तर बाजूंचे दोन अस्थिबंध, सांध्याच्या मधोमध एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध, दोन अर्धचंद्राकार गाद्या आणि भोवतालचे स्नायू यांच्यामुळे. आपण बोलताना ज्यांना लिगामेंट म्हणतो तेच हे अस्थिबंध. हाडांनी पकड सोडली म्हणून गुडघ्याला हालचालीची मोकळीक मिळाली, आणि म्हणूनच दुखापतीत बहुधा मऊ भागच आधी जखमी होतात.

आता हालचाल पाहू. मांडीच्या हाडाच्या उंचवट्याचा गोलावा मोजला तर तो नडगीच्या पृष्ठभागाच्या लांबीच्या जवळपास दुप्पट भरतो. गुडघा वाकताना हा गोलावा चाकासारखा नुसताच गडगडत गेला, तर फळी अर्ध्या वाटेतच संपेल आणि मांडीचे हाड मागच्या कडेवरून घसरून पडेल. उलट, चिखलात रुतलेले बैलगाडीचे चाक जसे जागच्या जागी फिरते तसा तो नुसताच फिरत राहिला, तर हाड मागच्या कडेला लवकर अडेल आणि गुडघा पुरता वाकणारच नाही. म्हणून गुडघा गडगडणे आणि घसरणे ही दोन्ही कामे एकत्र करतो. विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी माणसाच्या चालण्यावर १८३६ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात हे वर्णन आलेले आहे. घसरण्याचे प्रमाण योग्य राखण्याचे काम मधले दोन छेदणारे अस्थिबंध करतात. त्यांपैकी पुढचा तुटला की नडगी पुढे निसटू लागते, आणि जिना उतरताना किंवा वळताना पाय दगा देतो अशी तक्रार सुरू होते.

जिवंत माणसाच्या गुडघ्याचे एमआरआय वेगवेगळ्या कोनांत काढता येऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. गुडघा वाकत जातो तेव्हा आतल्या अंगाचा उंचवटा जवळपास आपल्या जागी राहतो, बाहेरच्या अंगाचा मात्र मागे मागे सरकत जातो. कंपासचे एक टोक कागदावर रोवलेले आणि दुसरे फिरते असावे, तसे हे आहे. एक बाजू स्थिर आणि दुसरी मागे जाणारी, याचा अर्थच असा की मांडीच्या हाडाच्या तुलनेत नडगी आत वळते. गुडघा वाकणे आणि नडगी वळणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

हे आपण घरी स्वतःच्या पायावर पाहू शकता. टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसा. वाटीच्या मध्यावर पेनाने एक ठिपका द्या आणि वाटीच्या खाली नडगीवर हाताला जो टणक उंचवटा लागतो त्यावर दुसरा द्या. पाय लोंबकळत असताना दोन्ही ठिपके साधारण एका उभ्या रेषेत असतील. आता पाय हळूहळू पूर्ण सरळ करा. शेवटच्या वीसेक अंशांत खालचा ठिपका बाहेरच्या बाजूला सरकलेला दिसेल. नडगी बाहेर फिरून सांधा घट्ट बसला, जणू आटे असलेले झाकण शेवटच्या फेऱ्यात आवळले गेले. या कुलपामुळे आपण मांडीचा स्नायू फारसा न आवळता बराच वेळ उभे राहू शकतो. वाकायला सुरुवात करताना गुडघ्याच्या मागे खोलवर असलेला एक छोटा स्नायू हे कुलूप उघडतो. तपासणीच्या वेळी आम्हीही हे सरकणे पाहतो; गादी फाटून सांध्यात अडकली असेल तर ते बहुधा होत नाही.

सरळ गुडघ्यात नडगी स्वतंत्रपणे जवळजवळ फिरतच नाही. तोच गुडघा काटकोनात वाकवला तर ती बाहेर सुमारे ४० आणि आत सुमारे ३० अंश फिरू शकते, कारण बाजूचे अस्थिबंध सैल पडलेले असतात. वाकलेल्या गुडघ्याला मिळणारी ही मोकळीक मांडीत उपयोगी पडते आणि तीच मांडीत धोक्याचीही ठरते.

गाद्यांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आईंच्या दुखण्याचा सर्वांत जवळचा संबंध त्यांच्याशी आहे. आतली गादी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची असते, बाहेरची जवळपास पूर्ण वर्तुळाकार. गोल हाड आणि सपाट हाड यांच्यामधली फट या गाद्या पाचरीसारख्या भरून काढतात, त्यामुळे भार एका ठिपक्यावर न पडता पसरतो. उभे असताना सांध्यावरच्या भाराचा सुमारे निम्मा वाटा त्या उचलतात आणि गुडघा वाकल्यावर त्याहूनही अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना स्नायूंचे निरुपयोगी अवशेष मानणारे शल्यचिकित्सक होते आणि पुढे अनेक दशके फाटलेली गादी सरसकट काढून टाकली जात असे. ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी १९४८ मध्ये गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये नंतर कोणते बदल होतात ते दाखवले आणि हळूहळू मत बदलले. आज गादी जितकी वाचवता येईल तितकी वाचवली जाते. तिच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. आतला भाग रक्ताविना असल्याने तिथली चीर सहसा भरून येत नाही.

गुडघा वाकताना दोन्ही गाद्या मागे सरकतात, पण सारख्या नाहीत. बाहेरची गादी मोकळी आहे, ती बरीच सरकते. आतली गादी आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला चिकटलेली असल्याने तिला जागा सोडता येत नाही. खोल वाकलेल्या गुडघ्यावर अवेळी पीळ पडला तर बाहेरची गादी वाट देते आणि आतली चिमटीत सापडते. कळ बहुतेकांना आतल्या अंगाला येते त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता मांडी. मांडी घालताना मांडीचे हाड तीन गोष्टी एकदम करते: पोटाकडे वाकते, बाजूला उघडते आणि स्वतःच्या लांबीभोवती बाहेर फिरते. हे तिसरे फिरणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मांडी घातल्यावर पावलाचा तळवा जमिनीकडे न राहता बाजूला वळलेला दिसतो. ते वळण मुख्यत्वे खुब्यातून आलेले असते, कारण उखळीत बसलेला गोळा कोणत्याही दिशेने फिरू शकतो. गुडघ्याने या बैठकीत फक्त खोल वाकायचे असते. पद्मासनात हीच मागणी आणखी वाढते, कारण तिथे पाऊल विरुद्ध मांडीवर चढवायचे असते.

खुबा पुरेसा बाहेर फिरला नाही तर काय होते, ते कोणत्याही पंगतीत पाहता येते. ज्यांचा खुबा मोकळा आहे त्यांचे गुडघे जमिनीजवळ असतात. ज्यांचा आखडलेला आहे त्यांचे गुडघे वर उभे राहतात, कंबर मागे ढळते आणि पाठीला पोक येते. यात अजून गुडघ्याचे नुकसान झालेले नसते. नुकसान पुढच्या पायरीवर होते. माणूस हाताने गुडघा खाली दाबतो किंवा घोटा धरून पाऊल वर ओढतो. नडगी हा लांब दांडा आहे. खुबा हलत नसेल तर या दांड्याचा सगळा जोर गुडघ्याला कडेने वाकवण्यात आणि पिळण्यात खर्च होतो. खोल वाकलेला, अस्थिबंध सैल पडलेला गुडघा थोडा पीळ सहन करतो, पण त्याची किंमत आतली गादी मोजते. गुडघा हाताने खाली दाबू नका, ही सूचना मी दिवसातून अनेकदा देतो आणि ती मनापासून देतो.

खुबा कशामुळे आखडतो? बहुतेकांत वर्षानुवर्षे केवळ खुर्चीवर बसल्याने सांध्याभोवतीचे आवरण आणि स्नायू लांबीने कमी वापरले जातात आणि तितकेच उरतात. काहींत खुब्याची झीज सुरू झालेली असते. तिच्यात पहिल्यांदा कमी होते ते आत फिरणे. आणि काही लोकांची हाडेच वेगळी असतात. मांडीच्या हाडाची मान मुख्य दांड्याच्या तुलनेत पुढे वळलेली असते. जन्माच्या वेळी हा कोन ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि प्रौढपणी साधारण १५ अंशांवर येतो. ज्यांचा हा कोन जास्तच राहतो त्यांचे पाय आत सहज वळतात, बाहेर मात्र कमी वळतात. शाळेत प्रार्थनेला मांडी घालून बसता येत नाही म्हणून ओरडा खाणारी काही मुले या गटातली असतात. त्यांना सरावाने मांडी जमेलच असे नाही आणि त्यांच्यावर ती लादू नये, असे मी पालकांना आवर्जून सांगतो.

खुब्याचा आणखी एक लबाडीचा भाग आहे. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८६० च्या दशकात मांडलेला नियम असा की सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंना ज्या मज्जातंतूच्या शाखा जातात, त्याच मज्जातंतूच्या शाखा त्या सांध्यालाही जातात. मांडीच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू खुब्यालाही शाखा देतो आणि गुडघ्यालाही. त्यामुळे खुब्यातली वेदना मेंदूला गुडघ्यात जाणवू शकते. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंच्या गुडघ्यावर आठ महिने शेक, मलम आणि पट्टे यांचे उपचार झाले होते. त्यांना उताणे झोपवून खुबा आत फिरवताच त्या गुडघा धरून कळवळल्या. दोष खुब्यात होता आणि त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे वयाच्या मानाने उत्तम होता.

मांडी आणि उकिडवे बसणे यांची गल्लत अनेक जण करतात. उकिडवे बसताना पाऊल जमिनीवर रोवलेले असते, गुडघा मांडी घालताना वाकतो त्याहूनही अधिक वाकतो, घोट्याला खूप वाकावे लागते, पण खुब्याला बाहेर फारसे फिरावे लागत नाही. वाटीवरचा दाब सपाट रस्त्यावर चालताना शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, जिन्यावर तिपटीहून अधिक आणि खोल बसून उठताना सात-आठ पटींपर्यंत जातो, असे गणित आहे. पूर्ण खाली बसल्यावर पोटरी आणि मांडी एकमेकींना टेकतात आणि थोडा भार तिथे वाटला जातो. शरीर या बैठकीशी किती जुळवून घेते याचा एक जुना पुरावा आपल्याच उपखंडातला आहे. लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि घोट्याच्या पुढच्या कडेला उकिडवे बसण्याने तयार होणारे गुळगुळीत जादा पृष्ठभाग दाखवले. मात्र यावरून जमिनीवर जितके बसाल तितके चांगले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. बीजिंगमधील वृद्धांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली होती. हालचालीचा पल्ला वापरणे आणि त्याच्या टोकावर तासन्‌तास थांबणे या निराळ्या गोष्टी आहेत.

पल्ला वापरायला हवा, कारण हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि तो द्रव दाब पडून सुटण्याने तिच्यात आत-बाहेर खेळतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम चमचाभर, तेवढाही नाही. तेल घातलेल्या आसावर चाक जसे नीट फिरते तसे कफाने माखलेले सांधे नीट चालतात, अशी तुलना सुश्रुतांनी केली आहे, आणि वंगणाच्या कामाचे ते अचूक निरीक्षण आहे. कटकट आवाजाबद्दल एवढेच सांगतो: एकदम येणारा टक्‌ आवाज बहुधा या द्रवात दाब घटल्याने वायूची पोकळी तयार होण्याचा किंवा एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडावरून सरकण्याचा असतो. दुखत नसेल आणि सूज नसेल तर त्या आवाजावर उपचार करू नयेत.

आता आईंसाठी. त्यांना खुर्चीवर बसवून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायला सांगा आणि उजवा गुडघा किती वर राहतो ते पाहा. मग दुसऱ्या बाजूने तसेच करा. उजवा गुडघा डाव्यापेक्षा स्पष्टपणे वर राहिला तर खुब्याकडे पाहायलाच हवे. नंतर त्यांना उताणे झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात धरा आणि पाऊल हलकेच बाहेर न्या. असे करताना खुबा आत फिरत असतो. ही हालचाल एका बाजूला कमी असेल, किंवा जांघेत वा गुडघ्यात कळ येत असेल, तर ओटीपोटासह दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघा एखाद्या कोनात अडकून सरळच होत नसेल, सांध्यात पाणी भरून सूज येत असेल, ताप असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये.

यातले काही नसेल तर मांडी कायमची बंद करण्याची गरज मला दिसत नाही, ती काही काळ उंचावर न्यावी लागेल. पूर्वी जेवायला पाट असे, त्याने बैठक दोन-तीन इंच वर येई आणि खुबा व गुडघा दोघांनाही कमी वाकावे लागे. आईंसाठी सुरुवातीला याहून उंच, घडी घातलेल्या दोन-तीन जाड गोधड्यांची बैठक करा, त्यांना तिच्या कडेवर बसवा आणि वर राहणाऱ्या गुडघ्यांखाली उशा द्या म्हणजे पाय लोंबकळून ताणले जाणार नाहीत. दहा मिनिटांनी पाय बदलायचे, वरचा खाली आणि खालचा वर. रोज सकाळी उताणे झोपून, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून, तो दुसरा पाय दोन्ही हातांनी हळूहळू पोटाकडे ओढावा, म्हणजे नितंबात ताण जाणवेल. गुडघ्यात जाणवला तर तिथेच थांबावे. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी हवाच. पंधरा दिवसांनी गोधडीची एक घडी कमी करून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला तर ती घडी पुन्हा घाला.